काहीच न घडलेल्या खोल्या

त्या माघात केतकी चोगलेने एकशेवीस खोल्यांमधली हवा गोळा केली. त्या खोल्यांमध्ये चोरी झाली नव्हती, मारामारी झाली नव्हती, कोणाची कसली तक्रारही नव्हती. लोक दार उघडायचे, तिच्या हातातली करडी पेटी बघायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "आमच्याकडे काय झालंय?"

"काही नाही झालेलं," ती म्हणायची. "म्हणूनच आलेय."

या उत्तराने कोणाचं समाधान व्हायचं नाही. पण केतकीचा चेहरा शांत होता आणि तिच्याकडे पोलिसांचं पत्र होतं, त्यामुळे लोक तिला आत घ्यायचे. ती पेटी खोलीच्या मधोमध ठेवायची, कळ दाबायची आणि चाळीस मिनिटं गप्प बसून राहायची. पेटी हळूहळू हवा ओढत असायची, झोपलेल्या मांजरासारखा आवाज करत.

हे सगळं खारवलीत घडलं. खाडीच्या तोंडावरचं हे गाव पूर्वी सुक्या मासळीसाठी ओळखलं जायचं. मग समुद्रात उभारायच्या पवनचक्क्यांचे मनोरे बांधायचा कारखाना आला आणि वीस वर्षांत गावाचं शहर झालं. कामाला माणसं कमी पडू लागली तशी चारी दिशांनी माणसं आली. त्यातली काही फार पूर्वेकडून आली, नद्या समुद्राला मिळतात तिथल्या बेटांवरून. ती बेटं पाण्याखाली गेली होती आणि त्यांच्याबरोबर घरातल्या पत्र्याच्या पेट्या आणि पेट्यांमधले कागदही गेले होते. बेट सरहद्दीच्या अलीकडे होतं की पलीकडे, याबद्दल दोन्ही सरकारांचा वाद चालू होता. ही माणसं आपली नाहीत, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. शहर त्यांना 'अनाम' म्हणू लागलं. तो शब्द दिला केतकीच्या हातातल्या करड्या पेटीने.

पेटीचं सरकारी नाव श्वासदर्शक. लोक तिला 'हुंग्या' म्हणायचे. केतकी विभागीय प्रयोगशाळेत होती आणि पेटी तयार करणाऱ्या सहा जणांपैकी एक होती. तिला कोणी विचारलं, की ती सांगायची, "माणूस जिथे जातो तिथे थोडासा सांडतो. श्वासातून बारीक थेंब उडतात, कातडीचे कण गळतात, अंगावर वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव हवेत मिसळतात. प्रत्येकाभोवती असा एक ढग असतो आणि कुठलेही दोन ढग सारखे नसतात. आपण खोलीतून निघून जातो, ढग मागे रेंगाळतो."

पेटी त्या ढगातले डीएनएचे तुकडे वाचायची. हे तुकडे ठरावीक गतीने उसवत जातात, त्यामुळे किती उसवलेत यावरून माणूस किती वेळापूर्वी तिथे होता हेही कळायचं. तेही कुठल्या दिवशी, इतपतच; सकाळ की दुपार ते नाही. पाच दिवसांनंतर काही उरायचं नाही. शहरातल्या नोंद झालेल्या प्रत्येक रहिवाशाचा नमुना सरकारकडे होता, म्हणून पडद्यावर त्यांची नावं निळ्या अक्षरांत यायची. नोंद नसलेल्यांना पेटी नुसता क्रमांक द्यायची, करड्या अक्षरांत. अनाम ४०, अनाम १७३. तोच माणूस पुन्हा कुठे सापडला तर तोच क्रमांक यायचा.

पोलिसांनी पेटी अकरा महिने वापरली. चौसष्ट गंभीर गुन्ह्यांच्या जागी हवा तपासली गेली. त्यातल्या सत्तेचाळीस जागी एक तरी अनाम श्वास निघाला. शंभरात त्र्याहत्तर. हा आकडा शहरात असा पसरला, की केतकी भाजी घ्यायला गेली तर भाजीवालीनेही तिला तो ऐकवला. नगरपरिषदेत ठराव आला: प्रत्येक इमारतीच्या दारात एक हुंग्या बसवायचा आणि करडा क्रमांक दिसला की माणसाला उचलून मिठागरांपलीकडच्या छावणीत पाठवायचं.

ठरावाला जोडायच्या अहवालावर केतकीची सही हवी होती. उपअधीक्षक धुरी स्वतः प्रयोगशाळेत आले. ते सावकाश बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ होते. चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरायचे.

केतकीने अहवाल दोनदा वाचला. "साहेब, एक विचारू? जिथे गुन्हा झाला नाही, अशा किती जागा तपासल्यात?"

"तिथे कशाला तपासायचं?"

"ही माणसं भांडी घासतात, आजारी माणसांचं करतात, सामान पोचवतात, रंग लावतात. ती कुठे नाहीत? गुन्हा न झालेल्या खोल्यांमध्येही शंभरात त्र्याहत्तर निघाले, तर या आकड्याचा अर्थ काय उरला?"

धुरींनी कप खाली ठेवला. "आणि तिथे दहाच निघाले तर?"

"तर मी सही करेन."

त्यांनी कप परत उचलला. "तीन आठवडे देतो, मॅडम. त्यापुढे मला थांबवता येणार नाही."

मग ते विलक्षण दिवस सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षं केतकीला ते आठवत, आणि आपण ते खरंच जगलो की स्वप्नात पाहिले, अशी तिला शंका येई. शहराच्या नकाशावर संगणकाने चिठ्ठ्या टाकून एकशेवीस ठिपके काढून दिले होते. ती एकेका ठिपक्यापाशी जायची आणि कोणाच्या तरी साध्या दिवसाच्या आत जाऊन बसायची. शिंप्याच्या दुकानात दुपारचं ऊन कापडांच्या गठ्ठ्यांवरून सरकत जाताना तिने पाहिलं. संगीताच्या वर्गात सतरा बाजाच्या पेट्या निळ्या फडक्यांखाली ओळीने बसल्या होत्या. एका घरात लग्न ठरलेली मुलगी खिडकीत बसून काही न करता बाहेर बघत होती आणि चाळीस मिनिटं त्या दोघींपैकी कोणीही बोललं नाही. बाहेर खाडीवर धुकं असायचं. ते दहा-अकरा वाजेपर्यंत उठायचं नाही आणि त्यातून कारखान्याचे अर्धवट मनोरे कुठल्यातरी पांढऱ्या झाडांसारखे वर आलेले दिसायचे.

आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत, निळ्या नावांच्या खाली, करडे क्रमांक उमटायचे. अनाम ९. अनाम ३१०. संगीताच्या वर्गात अनाम ८८ होता, रोज. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तो झाडायला येतो. कधीकधी मागे उभा राहून ऐकतो. मी काही म्हणत नाही." मग घाईने म्हणाल्या, "त्याला काही होणार नाही ना?"

केतकीने क्रमांक वहीत उतरवला आणि पेटी उचलली.

एकशेसातवा ठिपका तिच्याच इमारतीवर पडला. चौथा मजला, तिचंच घर.

त्या घरात ती आणि तिचे वडील राहायचे. नाना चोगले चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचं सगळं मोमेना बघायची. मोमेना चाळिशीची, सडपातळ बाई. नानांना धरून गॅलरीत न्यायची, खुर्चीत बसवायची आणि भरती-ओहोटीबद्दल आपल्या मोडक्या मराठीत त्यांच्याशी बोलत राहायची. नाना ऐकायचे, मान हलवायचे, कधी डाव्या हाताने वाऱ्याची दिशा दाखवायचे. ती कुठून आली हे केतकीने तीन वर्षांत विचारलं नव्हतं. शहरातली बहुतेक घरं आपापल्या मोमेनाला हे विचारत नव्हती. तसा एक अलिखित शिरस्ताच होता.

पेटी थांबली. पडद्यावर तीन निळी नावं आली: केतकी, नाना, व्यायाम शिकवायला येणारा मुकुंद. खाली एक करडी ओळ.

अनाम २१२.

केतकीने तो क्रमांक पुन्हा वाचला. शहरात तो क्रमांक ठाऊक नसलेलं कोणी नव्हतं. श्रावणात म्हातारे डॉक्टर बिवलकर आपल्या घराच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडले होते. डोकं फुटलेलं, मनगटावर कोणीतरी जोराने धरल्याचे वळ. त्यांच्या हवेत चार श्वास निघाले: त्यांचा स्वतःचा, दूध घालणाऱ्या शेजारणीचा, पुतण्या शिरीषचा आणि अनाम २१२ चा. शिरीष म्हणाला, मी सकाळीच येऊन गेलो होतो. मग उरलं कोण? सहा महिने पोलीस २१२ ला शोधत होते.

मोमेना स्वयंपाकघरात नानांसाठी पेज निववत होती. केतकी दारात उभी राहिली.

"मोमेना, तू डॉक्टर बिवलकरांकडे जायचीस?"

मोमेनाचा हात थांबला. तिने वाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "मंगळवारी. दुपारी. कपडे धुवायला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही, ताई."

दोघी तिथेच फरशीवर बसल्या. मोमेना खालमानेने सांगत गेली. त्या दिवशी ती मागच्या अंगणात कपडे पिळत होती. वर आवाज चढले, तशी ती मागच्या दारात आली; तिथून जिना दिसत होता. शिरीष डॉक्टरांना पुण्याच्या वृद्धाश्रमात न्यायला आला होता, गाडी बाहेर उभी होती. डॉक्टर म्हणत होते, मी माझ्या घरात मरेन. शिरीषने त्यांचा हात धरून ओढलं, त्यांनी हात सोडवून घेतला आणि तोल गेला.

"त्याने ढकललं नाही," मोमेना म्हणाली. "हे मी खरं सांगते. पण तो पळाला. गाडीचा आवाज झाला, मग सगळं गप्प."

"आणि तू?"

"मी आत गेली. डॉक्टरबाबूंचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. ते मला ओळखत होते, नाव घेऊन बोलले. अर्धा तास होते ते, ताई. कदाचित जास्त. फोन समोर भिंतीला होता."

केतकीने फरशीवरून नजर वर केली.

"फोन केला तर पोलीस येतील, मला नेतील. एवढंच डोक्यात होतं. त्यांनी माझ्या पोरीचा ताप फुकट उतरवला होता. आणि मी फोन नाही केला. ते गेले, मी त्यांचे डोळे मिटले आणि मागच्या दाराने गेली."

आतून नानांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली; पेज हवी असली की ते तसं करायचे. मोमेना उठली आणि वाटी घेऊन गेली. केतकीला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच मऊ: "गरम आहे, नाना, हळू."

केतकी पेटी घेऊन धक्क्यावर जाऊन बसली. समोर पाणी उतरत होतं आणि चिखलावर बगळे अगदी सावकाश, आठवून आठवून पाय टाकल्यासारखे चालत होते. तिने हिशेब केला. ही एक खोली वगळली तरी निष्कर्ष तसाच राहत होता. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. एकशेवीसऐवजी एकशेएकोणीस. कोणी विचारलं तर म्हणता आलं असतं, माझंच घर होतं, म्हणून नियमाप्रमाणे सोडलं. खोटंही ठरलं नसतं.

तिने ती खोली वगळली. पुढचे सहा दिवस उरलेल्या तेरा खोल्यांमधून ती हिंडली, पण आता त्यांत शांतता नव्हती. कुठल्याही घरात बसलं, की तिला वाटायचं, इथेही कोणाला काहीतरी माहीत आहे आणि ते करड्या अक्षरांत गप्प आहे. जुन्या प्रकरणांच्या फाइली तिने पुन्हा काढल्या. सत्तेचाळीसपैकी एकोणीस ठिकाणी अनाम माणूसच मार खाल्लेला किंवा लुटला गेलेला होता, आणि त्या एकोणिसांपैकी एकानेही स्वतः तक्रार केली नव्हती. शेजाऱ्यांनी किंवा मालकांनी पोलिसांना कळवलं होतं, तोवर तो माणूस नाहीसा झालेला. मारणाऱ्यांना हे ठाऊक असणार. ज्याला ओरडता येत नाही त्याला मारणं सोपं.

सातव्या दिवशी मोमेनाने नानांना झोपवलं आणि केतकीसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही माझा नंबर लिहिला?"

"नाही. आपली खोली मी काढून टाकली. तुझं नाव कुठे येणार नाही."

मोमेनाने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. "मग डॉक्टरबाबू कसे पडले, ते कोण सांगणार?"

"मोमेना, तू सांगितलंस तर तुला छावणीत टाकतील. तिथून कुठे पाठवतील ते त्यांनाही माहीत नाही."

"माहीत आहे. मी रोज तो फोन बघते. भिंतीवरचा. भाकरी करते तरी दिसतो. आणि गावात सगळे बोलतात, एका अनामने म्हाताऱ्याला मारलं. माझी पोर शाळेत हेच ऐकते. तिला वाटतं, असे असतो आपण."

केतकीने तिचा हात धरला. तो सोड्याने खरखरीत झालेला होता. "मी बरोबर येते," ती म्हणाली, आणि हे बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की गेल्या सात दिवसांत पहिल्यांदा आपला श्वास पुरा छातीत गेला.

धुरींनी दोघींना समोर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मोमेनाने काही लपवलं नाही, अर्ध्या तासाचंही नाही. केतकीने स्वतःबद्दलही सांगितलं: खोली वगळली होती, आता परत घातली आहे.

धुरींनी पेनाचं टोपण काढलं. "आधी हिची अनाम म्हणून नोंद केली," ते म्हणाले, "तर मला आजच छावणीची गाडी बोलवावी लागेल. आधी साक्षीदार म्हणून जबाब घेतला, तर खटला संपेपर्यंत साक्षीदाराला शहराबाहेर हलवता येत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "कुठला कागद आधी लिहायचा, हे कायद्यात सांगितलेलं नाही."

शिरीषला बोलावलं तेव्हा त्याने दहा मिनिटंही नाकारलं नाही. मोमेनाने जिन्यावरचा एकेक शब्द सांगितला होता. तो टेबलावर डोकं टेकवून म्हणाला, "मला वाटलं ते लगेच गेले." त्याला अर्धा तास कोणी सांगितला नव्हता. धुरींनी तो सांगितला.

नगरपरिषदेच्या सभेत केतकी आकडे घेऊन उभी राहिली. गुन्हा झालेल्या जागा चौसष्ट, त्यांत अनाम सत्तेचाळीस ठिकाणी: शंभरात त्र्याहत्तर. काहीच न घडलेल्या खोल्या एकशेवीस, त्यांत अनाम शहाऐंशी ठिकाणी: शंभरात बाहत्तर.

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, ही माणसं सगळी सज्जन आहेत?"

"तसं पेटी सांगत नाही," केतकी म्हणाली. "त्यांच्यात चांगले असतील, वाईट असतील, आपल्यात आहेत तसेच. एक बाई घाबरून गप्प बसली आणि त्यात कदाचित एक माणूस गेला, हेही मी लपवत नाही. पण ते चोरी करतात की नाही, हे या आकड्यांत कुठेच नाही. या आकड्यांत एवढंच आहे, की ते आपल्या घरात असतात."

ठराव रद्द झाला नाही. सहा महिने पुढे ढकलला गेला. पण ठरावाच्या नुसत्या बातमीनेच कितीतरी माणसं शहर सोडून गेली होती. संगीताच्या वर्गातला अनाम ८८ परत आला नाही; बाई आता स्वतः झाडतात असं केतकीच्या कानावर आलं. सहा महिन्यांनी ठराव पुन्हा आला तेव्हा त्यात दारातल्या पेट्या नव्हत्या. त्याऐवजी एक नवं कलम होतं: जो गुन्ह्याची खबर देईल त्याची नोंद विचारली जाणार नाही. ते चार मतांच्या फरकाने मंजूर झालं. पुढच्या वर्षी खारवलीत गुन्ह्यांच्या तक्रारी दुपटीने वाढल्या. वर्तमानपत्रं हळहळली. धुरींनी केतकीला फोन करून सांगितलं, की त्यांच्या नोकरीतलं हे सगळ्यात चांगलं वर्ष होतं, कारण लोक पहिल्यांदा खरं बोलत होते.

खटल्यानंतर मोमेनाला तीन वर्षांचा रहिवास परवाना देण्याचा हुकूम झाला. आश्विनातल्या एका सकाळी केतकी तिला घेऊन कचेरीत गेली. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून होती, तिने एकेक रकाना भरायला घेतला. नाव. वय. मुलं. मग ती थांबली.

"जन्मगाव?"

मोमेनाने बेटाचं नाव सांगितलं. कारकून मुलीने ते यंत्रात घातलं, पुन्हा घातलं. "हे यादीत नाही. रकाना रिकामा राहिला तर अर्ज पुढे सरकत नाही."

"अक्षांश-रेखांश चालतील?" केतकीने विचारलं. मोमेनाला ते पाठ होते. तिचा नवरा मच्छीमार होता. त्याने तिला आकडे शिकवले होते, हरवलीस तर सांग म्हणून.

मुलीने ते आकडे घातले. पडद्यावर नकाशा फिरला, खाली खाली आला आणि एका जागी थांबला. निळ्या रंगाशिवाय तिथे काही नव्हतं. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे तर पाणी आहे," ती म्हणाली. आवाजात संशय नव्हता, थोडा संकोच होता.

मोमेना पुढे वाकली. तिने बोट काचेजवळ नेलं, टेकवलं नाही, आणि निळ्या रंगावरून हळूहळू फिरवत नेलं.

"इथे आमची विहीर," ती म्हणाली. "इथून शाळेची वाट. इथे माझी आई भात वाळवायची, आणि कावळे यायचे म्हणून मला काठी घेऊन बसवायची."

मागे रांग लागली होती, पण कोणी घाई केली नाही. कारकून मुलगी मोमेनाचं बोट जिथे जिथे थांबलं तिथे बघत राहिली. मग तिने पडदा परत आपल्याकडे घेतला आणि रकान्यात ते आकडे जसेच्या तसे लिहिले.